जुन्नर-आंबेगावातून गुलमर्ग: घरच्यांना घेऊन पहिलं स्कीइंग, खिशाला झेपेल असं

आजचा एपिसोड थोडा लांबला होता, म्हणून लिहून काढताना मधली बडबड कापलीय. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण ते बसमध्ये ऐकताना लक्षात राहत नाहीत.

विषय असा. आपल्याकडची बरीच पोरं आता हिंजवडीला, खराडीला कामाला आहेत. ऑफिसातली मंडळी गुलमर्गचे, सोलंगचे फोटो टाकतात. मग वाटतं, आपण घरच्यांना घेऊन जावं. आई, अण्णा, दादा, वहिनी, पुतणे, सगळे. आणि लगेच दुसरा विचार येतो की स्कीइंग म्हणजे श्रीमंतांचं काम, आपण आपलं बर्फात फोटो काढून येऊ. तर या दुसऱ्या विचाराबद्दल मला बोलायचंय. मी एक्सेल शीट मांडून बसलो तेव्हा कळलं की अशा ट्रिपमध्ये स्कीइंग हा सगळ्यात छोट्या खर्चांपैकी एक असतो. आणि पैसे कमी करायचे म्हटलं की लोक सगळ्यात आधी नेमका तोच कापतात.

आधी तारीख. कारण तारीख चुकली तर बाकीचं गणित करून उपयोग नाही.

आपल्याकडं सुट्टी म्हणजे मे महिना. मेमध्ये गुलमर्गच्या शिकायच्या उतारांवर गवत असतं. बर्फ डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. म्हणजे शाळेशी भांडण आलंच. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर यंदाचा विषय सोडून द्या, त्यांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असते. पण पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असतात, २०२५ ला ८ ते २५ एप्रिल अशा होत्या. म्हणजे मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोराची आठवडाभर शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. बाईंना आधी सांगायचं आणि वह्या पूर्ण करून घ्यायच्या.

दुसरं भांडण शेताशी. नारायणगाव पट्ट्यात द्राक्षं असतील तर फेब्रुवारी-मार्च म्हणजे तोडणीचे दिवस. उन्हाळी कांदा असेल तर मार्चअखेरीला काढणी गळ्यात येते. मधली फट असते ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्याची, तीही पीक बघून. आणि गोठा? गोठ्याला सुट्टी नसते. सकाळ-संध्याकाळ धारा काढायला माणूस लागतो, आणि रात्री बिबट्याच्या भीतीनं गोठा बंद आहे ना हे बघायलाही. 'सगळं घर एकत्र' फिरायला न जाण्याचं आपल्याकडचं खरं कारण पैसा नसतो, गोठा असतो. आमच्यात यावर एकच तोडगा निघाला: यंदा चुलते आणि चुलती थांबतील, पुढच्या दिवाळीत ते जातील तेव्हा आम्ही थांबू. ही बोलणी बुकिंगच्या आधी करा. तिकिटं काढून मग चुलत्यांना सांगितलं तर ते नाही म्हणत नाहीत, पण बरं दिसत नाही.

मार्च निवडायला अजून एक कारण आहे. हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारे पावसाचे पट्टे. तेच कधी खाली आपल्यापर्यंत असर दाखवतात आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात अवकाळी आणि गारा पडतात. आपण इकडं डोक्याला हात लावतो, तिकडं हॉटेलवाले खूश होतात. गेली काही वर्षं हे पट्टे उशिरा येतायत. जानेवारी २०२४ चा बराचसा महिना गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला महिनाअखेरीला. २०२५ ला तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून पुढं ढकलला आणि ९ ते १२ मार्चला घेतला. त्यामुळं 'जानेवारीतच जायला पाहिजे' हे आता तितकंसं खरं राहिलं नाही. मार्चमध्ये थंडी सोसवते, दिवस मोठा असतो, आणि आईला पहिल्याच दिवशी 'कुठं आणलंस मला' असं म्हणायची वेळ येत नाही.

आता जागा. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही हजार मीटर वर. मनालीजवळचं सोलंग अडीच हजाराच्या आसपास. ही उंची आणि उताराची दिशा यावर मार्चमध्ये बर्फ टिकतो की नाही ते ठरतं. सोलंगला मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधी बर्फ असतो, कधी नुसता चिखल. तिथं बर्फ नसला की टॅक्सीवाले अटल बोगद्यातून पलीकडं लाहौलला, सिस्सू-कोकसरकडं नेतात. तिकडं बर्फ बघायला मिळतो, खेळायला मिळतो, पण शिकायचा नीट उतार मिळेलच असं नाही. उत्तराखंडातलं औली छान आहे, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथला रोपवे बंद पडला. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी तिकडं पहिली ट्रिप करणार नाही. नारकंडा लहान आहे, शिमल्यापासून जवळ आहे, पण तिथला बर्फ लवकर दगा देतो.

म्हणून माझं मत गुलमर्ग. गावाला लागूनच मोठं पसरट मैदान आणि हलके उतार आहेत, नवशिक्यांसाठी ओढून नेणाऱ्या लिफ्ट आहेत. शिकणारे खाली शिकतात आणि न शिकणारे शंभर पावलांवर उन्हात बसून त्यांची फजिती बघतात. फॅमिली ट्रिपला हे फार महत्त्वाचं आहे, कारण मग कुणी हॉटेलात एकटं पडत नाही.

घरी काश्मीर म्हटलं की एक प्रश्न येणारच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं त्यात महाराष्ट्रातलीही माणसं गेली. आई विचारते, 'तिकडंच कशाला?' यावर वाद घालू नका. तिचं मन घेत नसेल तर मनाली करा, मार्चच्या अगदी सुरुवातीला करा, आणि सोलंगच्या बर्फाची खात्री दोन दिवस आधी फोनवर करा. भीतीत काढलेली सुट्टी ही सुट्टी नसते. आमच्याकडं दोन रात्री चर्चा झाली आणि शेवटी अण्णाच म्हणाले, "तिथली माणसं बी जगत्यातच की." पण हा निर्णय ज्यानं त्यानं घरात बसून करायचा.

आता प्रवास. पुण्याहून जम्मूतावीला थेट झेलम एक्सप्रेस आहे. संध्याकाळी निघते, तिसऱ्या दिवशी सकाळी पोचते. पूर्वी पुढं जम्मू-श्रीनगर रस्ता म्हणजे दरडी, ट्रॅफिक, बनिहालला अडकणं. ६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि हे गणितच बदललं. तीन तासांचा प्रवास, आणि वाटेत चिनाबचा पूल, नदीपासून ३५९ मीटर उंच. ही गाडी पोरांना विमानापेक्षा जास्त आवडेल असं माझं म्हणणं आहे.

आमचा आराखडा असा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघायचं (चाकणचा ट्रॅफिक धरून दुपारीच घर सोडायचं, हे काय सांगायला नको). रविवारी सकाळी जम्मू, तिथून कटरा, मुक्काम. सोमवारी वंदे भारतनं श्रीनगर, टॅक्सीनं टंगमर्ग. मंगळवार, बुधवार, गुरुवार स्कीइंग. शुक्रवारी परत कटरा, शनिवारी रात्री जम्मूहून गाडी, सोमवारी पुणे. ऑफिसच्या सहा रजा जातात. बुकिंगच्या आधी दोन गोष्टी तपासा: वंदे भारत तुमच्या वाराला आहे का, आणि झेलम खरंच जम्मूपर्यंत जातेय का. कामं चालू असली की गाड्या अधूनमधून अलीकडंच थांबवतात.

एक इशारा. कटऱ्याला मुक्काम आहे म्हटल्यावर आई-अण्णा वैष्णोदेवी केल्याशिवाय येणार नाहीत. चढ एका बाजूला तेरा-एक किलोमीटरचा आहे. 'जाता जाता' होणारं काम नाही हे. त्यासाठी एक दिवस वेगळा धरा, तोही परतीच्या वाटेवर. स्कीइंगच्या आधी पाय मोकळे असलेले बरे.

राहायचं कुठं? गुलमर्गला हॉटेलं कमी आणि हंगामात भाव चढे. तेरा किलोमीटर खाली टंगमर्ग आहे, तिथं साधी घरगुती सोय बरीच स्वस्त मिळते. रोज सकाळी वर जायचं, दुपारी खाली यायचं. बर्फ जास्त असेल तेव्हा श्रीनगरची टॅक्सी वर सोडत नाहीत, टंगमर्गला गाडी बदलून साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. तुम्ही तिथंच राहत असाल तर हा त्रास निम्मा होतो.

आता शीट. माणसं सात: आई, अण्णा, दादा, वहिनी, नऊ वर्षांची पुतणी, सहा वर्षांचा पुतण्या, मी. शिकणारे तीन: दादा, पुतणी आणि वहिनी. (मी नाही. माझं मागं मित्रांबरोबर थोडं शिकून झालंय, मी आई-अण्णांबरोबर चहा पिणार.) हे मी धरलेले अंदाज आहेत, तुम्ही तुमचे भरा.

झेलम थर्ड एसी, जाऊन-येऊन, २८,६००. यात सहा जणांचा बर्थ आणि धाकट्याचं बिनबर्थचं अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या पोराला बर्थ नको असेल तरच अर्धं भाडं लागतं. वंदे भारत चेअर कार दोन्ही वेळचं १०,०००. जम्मू-कटरा जाणं-येणं ३,०००. खोल्या, टंगमर्गच्या चार रात्री आणि कटऱ्याच्या दोन, २६,०००. टॅक्स्या १२,०००. जेवणखाण २०,०००. गोंडोलाचा पहिला टप्पा सातही जणांना ७,०००. भाड्याचे कोट-बूट ५,०००. आणि स्कीइंग: तीन जणांचं सामान रोजचं ८०० प्रमाणे तीन दिवस ७,२००, तिघांत एक शिकवणारा रोजचे २,५०० प्रमाणे ७,५००, मिळून १४,७००.

बेरीज १,२६,३००. वर दहा टक्के अडीअडचणीला. डोक्यामागं वीस हजारांच्या आत.

आता यातलं स्कीइंग बघा. सव्वा लाखातले पंधरा हजारसुद्धा नाहीत, बारा टक्क्यांच्या आत. बाकीचा सगळा पैसा आपण बर्फापर्यंत पोचण्यासाठी घातलाय. आणि तिथं पोचल्यावर लोक म्हणतात, 'तीन दिवस कशाला, अर्धा तास करू, फोटो होईल.' अर्ध्या तासात काय होतं सांगतो. पंधरा मिनिटं बूट घालण्यात जातात. पाच मिनिटं उभं राहण्यात. मग एक माणूस तुम्हाला हाताला धरून दहा मीटर ढकलतो, तुम्ही पडता, वेळ संपते. मिनिटाचा हिशोब केला तर ट्रिपमधली सगळ्यात महाग गोष्ट हीच. बऱ्याचशा तयार ग्रुप पॅकेजमध्ये गुलमर्गला अर्धा दिवसच असतो, त्यामुळं तिथं दुसरं काही होऊच शकत नाही. शिकायचं असेल तर पॅकेज घेऊन भागत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर वर बघा, खाली नाही. झेलमचं स्लीपर हजाराच्या आत पडतं, थर्ड एसी दोन-सव्वादोन हजारांच्या आसपास. एका बाजूनं स्लीपरनं गेलात तर साधारण नऊ हजार वाचतात, म्हणजे स्कीइंगचा निम्म्याहून जास्त खर्च निघाला. आई-अण्णांना एसीत आणि आपण स्लीपरमध्ये, हेही चालतं. गोंडोला सगळ्यांनी करायची गरज नाही. शिकवणारा तिघांत एक घेतला म्हणून स्वस्त पडतो, त्यामुळं शेजारच्या फॅमिलीतलं कुणी शिकणारं भेटलं तर चौघांत एक करा. पण दिवस कापू नका.

तीन दिवस का, तेही सांगतो. पहिला दिवस नुसता पडण्याचा. बूट घालून चालणं, आडवं चढणं, बाजूला पडणं (मागं बसू नका, गुडघ्यावर येतं), उतारावर आडवं होऊन उठणं. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, उलट्या व्ही सारखं धरून थांबायला शिकवतात. पोरांना याला पिझ्झा म्हणून शिकवतात. ज्या क्षणी आपल्याला थांबता येतं त्या क्षणी भीती जाते, आणि मजा तिथून सुरू होते. तिसऱ्या दिवशी वळणं आणि लिफ्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेला माणूस म्हणतो 'हे जमतंय राव'. पहिल्या दिवशी परतलेला म्हणतो 'हे आपलं काम नाही'. माणूस तोच असतो.

मार्चमधली वेळही महत्त्वाची. दिवसा उन्हानं वरचा थर वितळतो, रात्री परत गोठतो. म्हणून सकाळी आठ-नऊला बर्फ काचेसारखा कडक, नवशिक्याचा पाय टिकत नाही. दहा ते साडेबाराला वरचा थर साबुदाण्यासारखा दाणेदार होतो, शिकायला एक नंबर. दुपारी दोननंतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा विरघळलेला बर्फ, त्यात स्की रुतते आणि गुडघा पिळवटतो. तेव्हा शिकवणाऱ्याशी दहा ते एक असं बोला, आणि दर तासाचा की दिवसाचा, सामान धरून की सोडून, हे सुरुवातीलाच पक्कं करा. बूट घालून बघताना टाच उचलली जात असेल तर नंबर बदलून मागा. मोजे एकच जोड, लांब, सुती नकोत. दोन जोड घातले की पाय जास्त गार पडतात, कारण बूट आवळून रक्त अडतं. पोरांना हेल्मेट मिळत नसेल तर दुकान बदला.

कपड्यांवर फार खर्च नको. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांकडं अर्धं सामान असतंच. आत थर्मल, मध्ये स्वेटर, वर टंगमर्गला भाड्यानं मिळणारा कोट आणि गमबूट. गॉगल मात्र सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीला, साधारण ३,१०० मीटर. दुसरा अफरवटकडं, ३,९०० च्या वर. आई-अण्णांना पहिल्यापर्यंतच न्या. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गावातल्या मेडिकलवाल्याला नाही. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा. आणि शिकणाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत खाली यायचा विचारही करू नका. अफरवटच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर तिथं गेले, आणि ते आपल्यासारखे नवशिके नव्हते. खालच्या मैदानातल्या उतारांची गोष्ट वेगळी आहे.

स्लेजवाले मागं लागतात. माणूस बसतो आणि दुसरा माणूस दोरीनं ओढत चढ चढतो. अण्णा फोटो बघूनच म्हणाले, "माणसानं माणसाला ओढायचं? मी चालतो." पण ओढणाऱ्याचं पोट हंगामातल्या तीन महिन्यांवर असतं हेही खरं. मी म्हणेन, पोरांना उतारावरून खाली यायला घ्या, पैशाचं आधी बोला, आणि घासाघीस एका मर्यादेपर्यंतच करा.

कुणी एकटं असेल, कॉलेजात असेल, पंधरा दिवस काढू शकत असेल, तर फॅमिली ट्रिपपेक्षा कोर्स करा. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंगची संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. वय आणि तारखा त्यांच्या वेबसाइटवर बघा, जागा लवकर भरतात.

मोबाईलचं विसरू नका. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. सात जणांत निदान दोन पोस्टपेड असू द्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे. नेट नसलं की यूपीआय नाही, म्हणून रोख बरोबर ठेवा. तिकिटं, गोंडोलाचं बुकिंग, खोलीचा पत्ता, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि एक प्रिंट अण्णांच्या खिशात.

आणि बुकिंगची तारीख. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १० मार्चला निघायचं असेल तर ९ जानेवारीला सकाळी आठला. परतीचं तिकीट त्या दिवशी मिळणार नाही, ते आठ दिवसांनी उघडेल, त्याचा वेगळा अलार्म लावा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आत्ताच जोडून घ्या, नाहीतर बुकिंग उघडल्या उघडल्या तिकीट काढता येत नाही आणि तोवर वेटिंग सुरू होतं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती शीटमध्ये धरू नका. खोल्या मात्र पैसे परत मिळतील अशाच घ्या, बर्फाचा भरवसा नाही.

आमचा अलार्म लावून झालाय. चुलत्यांनी गोठ्याची चावी मागून घेतलीय. भेटू पुढच्या एपिसोडला.